रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट का बिघडतं? आणि कोलायटिस खरंच टेन्शनमुळे होतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातल्या सांखळीहून एक ताई विचारतायत की त्यांचा ३४ वर्षांचा भाऊ वेर्ण्याला फार्मा कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे, दोन वर्षांपूर्वी चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) दिवसांत त्याला जोरदार फूड पॉयझनिंग झालं, त्यातून तो उठला पण तेव्हापासून रोज सकाळी कंपनीची बस येईपर्यंत तीन-चार वेळा टॉयलेटला पळतो, पोटात मुरडा येतो, जेवलं की पुन्हा तेच. स्कोप (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) नॉर्मल, रक्त नॉर्मल, सोनोग्राफी नॉर्मल, आणि शेवटी "टेन्शन घेऊ नका" असं सांगून घरी पाठवलं. दुसरीकडे डिचोलीला त्यांच्या चुलत बहिणीला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा आजार) आहे, सासरची माणसं म्हणतात ती फार विचार करत बसते म्हणून झालं, आणि कोणीतरी तिला गोळ्या सोडून नुसतं ध्यान कर असं सुचवलंय. तर ताईंचं म्हणणं, दोघांचं दुखणं एकच आहे का, डोक्यातलं पोटात उतरतं तरी कसं, आणि ऑनलाइन कानाला लावायचं एक व्हेगस नर्व्हचं (मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या नर्व्हचं) मशीन मिळतं ते घ्यावं का.

मी गॅस्ट्रोची प्रॅक्टिस करतो आणि ओपीडीत ह्या दोन्ही प्रकारची माणसं सतत बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी सरळ उत्तर देऊन टाकतो. दोघांचं एकच नाही. भावाचं दुखणं आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) दिसतंय, ते मुख्यतः आतड्याच्या नर्व्ह जास्त हुळहुळ्या झाल्याचं आहे, बहिणीचं आतड्याच्या इम्यून सिस्टिमने स्वतःच्याच अस्तरावर हल्ला केल्याचं आहे, पण नर्व्ह आणि इम्यून सेल्स आतड्यात एकमेकांना इतक्या चिकटून राहतात की एकीकडे बिघडलं की दुसरीकडे त्याचे पडसाद उमटतातच. आणि दोघांनाही लोकांनी "टेन्शन" हा एकच शिक्का मारलाय. भावाच्या बाबतीत त्या शिक्क्याने त्याचा आजार खोटा ठरवला, बहिणीच्या बाबतीत तिची औषधं काढून घ्यायला निघालेत. मला दोन्हींचा राग येतो, पण दुसऱ्याचा जास्त, कारण त्यात जीवाशी खेळ आहे.

आता डोक्यातलं पोटात कसं उतरतं ते बघू. पहिली गोष्ट म्हणजे आतड्याला स्वतःची नर्व्हस सिस्टिम आहे, अन्ननलिकेपासून गुदद्वारापर्यंत भिंतीत दोन थरांत पसरलेली, एक थर स्नायूंच्या मध्ये आणि एक अस्तराच्या खाली, त्यांना औअरबाख आणि माइसनर ह्या दोन जर्मन डॉक्टरांची नावं आहेत. ह्या जाळ्यात १० कोटींच्या वर न्यूरॉन्स आहेत असा अंदाज. १८९९ साली लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग ह्यांनी कुत्र्याच्या आतड्याकडे बाहेरून येणाऱ्या सगळ्या नर्व्ह तोडल्या, तरी आत काही घातलं की आतडं आपलं त्याला मागून दाबत पुढून सैल सोडत ढकलतच होतं. म्हणजे मेंदूला न विचारता काम चालतं. मेंदू मधूनमधून ढवळाढवळ करतो एवढंच, आणि ती ढवळाढवळ करायच्या दोन मुख्य वाटा, एक व्हेगस नर्व्ह आणि दुसरी सिम्पथेटिक, म्हणजे भीती-घाई-भांडण ह्याच्या वेळी जागी होणारी. आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते, व्हेगसमधले साधारण ८० टक्के तंतू खालून वर बातमी नेणारे असतात. डोकं पोटाला हुकूम सोडतं त्याच्या कितीतरी पट जास्त पोट डोक्याला सांगत असतं. त्यामुळे ज्याचं पोट दोन वर्षं रोज मुरडतंय तो माणूस चिडका, घाबरट, अर्धवट झोपेचा होणारच, आणि मग लोक म्हणतात बघा, टेन्शनवालाच आहे. काही पेशंटमध्ये चिंता आधी येते आणि पोट नंतर बिघडतं, काहींमध्ये बरोब्बर उलटं, पाहण्या करून हे दोन्ही प्रकार सापडलेत.

दुसरी गोष्ट इम्युनिटीची. आतड्याचं आतलं अस्तर फक्त एका सेलच्या जाडीचं असतं. त्याच्या एका बाजूला अब्जावधी जंतू आणि दिवसभर येणारं अन्न, दुसऱ्या बाजूला तुमचं रक्त. म्हणून शरीरातल्या इम्यून सेल्सचा फार मोठा वाटा तिथेच बसवलेला असतो, आणि त्यांचं सगळ्यात अवघड काम लढण्याचं नसून गप्प बसण्याचं असतं. भात, माशांचं हुमण, पाव, दूध, घरचे जंतू ह्यांच्यावर हात उचलायचा नाही, पण पाण्यातून आलेला वाईट जंतू दिसला की उचलायचा, हे त्यांना रोज ठरवावं लागतं. हे ठरवताना ते नर्व्हचंही ऐकतात. ॲसिटिलकोलीन, नॉरॲड्रेनलिन, सिरोटोनिन ही जी रसायनं नर्व्ह वापरतात त्यांचे रिसेप्टर (ती रसायनं ओळखणारे दरवाजे) इम्यून सेल्सवर असतात, आणि इम्यून सेल्स जे हिस्टमिन, टीएनएफ (सूज वाढवणारं प्रोटीन) वगैरे सोडतात ते नर्व्हला कळतं. (सिरोटोनिन म्हटलं की लोकांना मेंदू आठवतो, प्रत्यक्षात शरीरातलं ९० टक्क्यांच्या वर सिरोटोनिन आतड्यात बनतं.)

ह्यात एक सेल नीट लक्षात ठेवा, मास्ट सेल. ॲलर्जीत शिंका आणि पित्त उठवणारा तोच हा. आतड्याच्या अस्तरात हे मास्ट सेल्स नर्व्हच्या अगदी शेजारी बसलेले असतात. इटलीत बोलोन्याच्या लोकांनी २००४ साली आयबीएसवाल्या पेशंटच्या मोठ्या आतड्याचे तुकडे मायक्रोस्कोपखाली बघितले तर मास्ट सेल नर्व्हच्या जितके जवळ आणि जितके जास्त, तितकं पोट जास्त वारंवार आणि जास्त जोरात दुखत होतं. स्कोपवाल्या डॉक्टरला मात्र हेच आतडं गुलाबी, गुळगुळीत, एकदम नॉर्मल दिसतं. कारण स्कोपने जखम, सूज, गाठ दिसते, दोन सेल्समधलं अंतर नाही दिसत. भावाचा स्कोप नॉर्मल आला ह्याचा अर्थ एवढाच की त्याच्या मोठ्या आतड्यात अल्सर, कॅन्सर, बहिणीसारखा कोलायटिस नाही, आणि ही चांगली बातमी आहे, पण त्याला काहीच झालं नाही असा त्याचा अर्थ होत नाही.

आता टेन्शनचं. बेल्जियममध्ये लुव्हेनला २०१४ मध्ये एक छान प्रयोग छापून आला. निरोगी तरुण मंडळींना लोकांसमोर भाषण करायला लावलं, आणि त्याआधी दोन प्रकारची साखर पाजली, लघवीत ती किती उतरते त्यावरून आतड्याचं अस्तर किती गळकं झालंय ते मोजता येतं. ज्यांचं भाषणाच्या वेळी कॉर्टिझोल (टेन्शनमध्ये रक्तात वाढणारं हॉर्मोन) चढलं त्यांचं लहान आतडं खरोखर गळकं झालं. गंमत म्हणजे विजेचा झटका बसेल अशी नुसती धास्ती दाखवल्यावर तसं झालं नाही, चार माणसांसमोर उभं राहण्याने झालं. आणि ज्यांना आधी दोन आठवडे मास्ट सेलला शांत ठेवणारं औषध दिलं होतं त्यांचं भाषण करूनही गळकं झालं नाही. म्हणजे टेन्शनमध्ये सुटलेला स्ट्रेस हॉर्मोन मास्ट सेलपर्यंत पोचतो, मास्ट सेल फुटतो, अस्तर सैल पडतं, ह्या साखळीचा चांगला पुरावा माणसातच मिळालाय.

आपल्याकडे हे समजायला बेल्जियमला जायची गरज नाही म्हणा. गावच्या जत्रेतल्या नाटकाला पडद्यामागे एकदा बघा. माझा एक पेशंट वर्षानुवर्षं दशमी-एकादशीला ऐतिहासिक नाटकात उभा राहणारा, आवाज असा की देवळाच्या सभामंडपात माईकची गरज नाही, पण तिसरी घंटा व्हायच्या आधी अंगरखा, शेला, तलवार सगळं उतरवून देवळामागच्या टॉयलेटला एक फेरी ठरलेली, आणि मेकअपवाल्यालाही ते माहीत असल्यामुळे तो कमरेचा पट्टा शेवटी बांधायचा. एकदा पहिलं वाक्य बोलून झालं की पोट गप्प. ह्याला मी आजार म्हणत नाही, ही नर्व्हची नॉर्मल वागणूक आहे, तासाभराचं काम. प्रॉब्लेम तेव्हा होतो जेव्हा तिसरी घंटा रोज सकाळी साडेपाचला वाजते.

तुमच्या भावाकडे येऊ. त्याच्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा धागा चवथीचं फूड पॉयझनिंग आहे, आणि मला खात्री आहे तो कुठल्या डॉक्टरला त्याने नीट सांगितलेला नसणार, कारण दोन वर्षांपूर्वीच्या जुलाबांचा आजच्या पोटाशी संबंध असेल असं कोणाला वाटत नाही. पोटाचं इन्फेक्शन झालेल्या साधारण दहांतल्या एकाला नंतर आयबीएस होतो. ह्याचा सगळ्यात ठळक दाखला कॅनडातल्या वॉकर्टन गावाचा. २००० साली मे महिन्यात मुसळधार पावसानंतर तिथल्या पिण्याच्या पाण्यात गुरांच्या शेणातले जंतू उतरले, अंदाजे २३०० लोक आजारी पडले, ७ गेले. डॉक्टरांनी त्या गावाचा पाठपुरावा वर्षानुवर्षं केला, आणि ८ वर्षांनीही आजारी पडलेल्यांत आयबीएस न पडलेल्यांपेक्षा जास्त होता. सगळ्यांचं पाणी एक, जंतू तेच, मग ह्याला मनाचे खेळ कसं म्हणणार? बरं, त्यातही ज्यांचे जुलाब जास्त दिवस चालले, ज्या बायका होत्या, ज्यांना आधीपासून चिंता-डिप्रेशनचा त्रास होता, त्यांना धोका जास्त. म्हणजे दोन्ही गोष्टी खऱ्या.

असं का होतं त्याचं एक चांगलं उत्तर २०२१ मध्ये परत त्या लुव्हेनवाल्यांकडूनच आलं. त्यांनी उंदरांना पोटाचं इन्फेक्शन दिलं आणि त्याच वेळी अंड्यातलं एक प्रोटीन खायला घातलं. इन्फेक्शन बरं झालं, जंतू गेले. मग आठवड्यांनी फक्त ते अंड्याचं प्रोटीन दिलं तर उंदरांना पोटात दुखायला लागलं, जुलाब व्हायला लागले, आणि ज्यांना इन्फेक्शन झालंच नव्हतं त्यांना तेच प्रोटीन बिनबोभाट पचलं. इन्फेक्शनच्या गडबडीत इम्यून सिस्टिमने अन्नालाही शत्रूच्या यादीत टाकलं होतं, फक्त आतड्यापुरतं. रक्तात काही नाही, ॲलर्जी टेस्ट निगेटिव्ह. मग ते अन्न आलं की मास्ट सेल हिस्टमिन सोडतात आणि शेजारच्या दुखण्याच्या नर्व्ह पेटतात. नंतर आयबीएसच्या १२ पेशंटच्या मोठ्या आतड्याच्या अस्तरात गहू, सोया, दूध, ग्लूटेन (गव्हातलं प्रोटीन) टोचून बघितलं, सगळ्यांना कशा ना कशाची स्थानिक रिॲक्शन आली, निरोगी लोकांत मोजक्यांनाच. गावात एकदा चोरी झाली की पुढे कित्येक दिवस कुत्री पोस्टमनवरही भुंकतात तसं काहीसं हे आहे. सगळ्याच आयबीएसचं कारण हेच असं मी म्हणत नाही, पण "फूड पॉयझनिंगनंतर जेवलं की मुरडा" ह्या पेशंटला हे बरोब्बर बसतं.

इथे मिरचीचा एक किस्सा जाता जाता. आतड्याच्या दुखण्याच्या नर्व्हवर टीआरपीव्ही१ नावाचा एक रिसेप्टर असतो, गरम चटका आणि मिरचीतलं कॅप्सेसिन दोन्ही त्याच दरवाजातून आत जातं. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं. आयबीएसच्या पेशंटच्या आतड्यात हा रिसेप्टर असलेल्या नर्व्ह जास्त सापडतात, आणि हिस्टमिनमुळे तो अजून हुळहुळा होतो. म्हणून काणकोणच्या खोला गावची मिरची घातलेलं हुमण पूर्वी जो माणूस बोटं चाटत खायचा त्यालाच आता तासाभरात कळ येते. मिरची तीच, दरवाजा ढिला झालाय. पेशंटना हे सांगितलं की त्यांचा चेहरा खुलतो, कारण घरच्यांनी "तू पूर्वी खायचास की, आता काय नाटकं" असं ऐकवलेलं असतं.

मग करायचं काय. आधी काही गोष्टी एकदाच तपासून घ्या आणि मग तपासण्या थांबवा. थायरॉइड, ग्लूटेनच्या सिलियाक आजाराची टीटीजी टेस्ट, शौचाची तपासणी, आणि फीकल कॅल्प्रोटेक्टिन. ही शेवटची टेस्ट आतड्यात खरी सूज आहे का ते शौचावरून सांगते, साधारण ५० च्या खाली असेल तर सूज असण्याची शक्यता फार कमी. दूध आठवडाभर बंद करून बघा, लॅक्टोजचा (दुधातली साखर न पचण्याचा) त्रास आपल्याकडे भरपूर आहे. हे सगळं नॉर्मल आलं की चौथा स्कोप आणि दुसरा सीटी स्कॅन मागू नका, त्याने भीती वाढते आणि भीतीने पोट अजून.

खाण्यात सहसा कांदा, लसूण, गव्हाचा पाव आणि अळसांदे (चवळी) हे चार गडी आधी पकडायचे. काही आठवडे कमी करायचे आणि मग एकेक करून परत आणायचे, कायमचे बंद करायचे नाहीत. लोक इथे चुकतात, सगळंच सोडून पेजेवर राहतात आणि सहा किलोने उतरतात. उकड्या तांदळाचा भात, पेज, मासळी, सोलकढी ह्यांनी बहुतेकांना काही होत नाही, फक्त सोलकढीत लसूण किती ठेचलीय ते बघा. सकाळी उपाशीपोटी कडक चहा आणि लगेच बस हे कॉम्बिनेशन आयबीएसला आमंत्रण आहे, कारण पोटात काही पडलं की मोठं आतडं आपोआप हलतं, ती रिफ्लेक्स सगळ्यांना असते, ह्याच्यात ती जोरात असते. थोडं लवकर उठून चहा-नाश्ता बसच्या तासभर आधी उरकला तर ती लाट घरीच येऊन जाते.

औषधांत मला सगळ्यात उपयोगी पडतं ते म्हणजे कमी डोसचं ॲमिट्रिप्टिलिन. इथे पेशंट हमखास बिचकतात कारण गुगल केलं की ते डिप्रेशनचं औषध निघतं. १० मिलिग्रॅमच्या डोसला ते डिप्रेशनवर काही करत नाही, ते आतड्याकडून वर जाणारे दुखण्याचे सिग्नल कमी करतं आणि आतड्याचा वेग थोडा कमी करतं, म्हणून जुलाबवाल्या आयबीएसला जास्त बरं. इंग्लंडमध्ये साध्या फॅमिली डॉक्टरांकडच्या ४६३ पेशंटवर ह्याची चाचणी झाली, २०२३ मध्ये छापून आली, १० ते ३० मिलिग्रॅम, सहा महिने, आणि खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. तोंड कोरडं पडतं, सकाळी जड वाटतं, म्हणून रात्री उशिरा न घेता संध्याकाळी आठच्या सुमारास घ्यायची, आणि काचबिंदू, प्रोस्टेट किंवा हार्टच्या ठोक्यांचा प्रॉब्लेम असेल तर नाही. शिफ्टमध्ये मशीनवर काम असेल तर पहिली गोळी सुट्टीच्या आदल्या रात्री. आणि हे स्वतःच्या मनाने फार्मसीतून आणायचं नाही हे वेगळं सांगायला नको.

त्याच्या डोक्याचा इलाज करायचा का? हो, पण वेगळ्या अर्थाने. मँचेस्टरला व्हॉरवेल ह्यांनी १९८४ मध्येच दाखवलं की आतड्यावर लक्ष देऊन केलेल्या हिप्नोथेरपीने हट्टी आयबीएस सुधारतो, सीबीटीनेही (विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनानेही) सुधारतो. आपल्याकडे असे थेरपिस्ट सहज मिळत नाहीत, पण सकाळी बस यायच्या आधी दहा मिनिटं पोटाने सावकाश श्वास घेणं, श्वास सोडायला जास्त वेळ देणं, एवढं फुकट आहे आणि ते करावं. दुसरं म्हणजे कंपनीच्या बसचं. सांखळी ते वेर्णा म्हणजे बाणस्तारी, ओल्ड गोवा, बांबोळी, जुवारी पूल, आणि ट्रॅफिकमध्ये अडकलं तर उतरायचं कुठे. माझ्याकडचे असे पेशंट कुठल्या पंपावरचं टॉयलेट उघडं असतं आणि कुठल्याला कुलूप, हे मला तोंडपाठ सांगतात. ही भीतीच अर्धा आजार चालवते. गरज लागेल त्या दिवसापुरती निघायच्या आधी जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची एक गोळी घ्यायला हरकत नाही, तेही डॉक्टरला विचारून, आणि नुसती ती खिशात आहे एवढ्यानेही कित्येकांची एक फेरी कमी होते. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बहिणीकडे यायच्या आधी एक जुनी हकिगत सांगतो, कारण "टेन्शन" शब्दाने डॉक्टरांनाही एकदा चांगलंच फसवलंय. १८२२ मध्ये अमेरिकेत अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या माणसाला बंदुकीची गोळी लागून पोटाला कायमचं भोक राहिलं, आणि बोमाँट नावाच्या मिलिटरी डॉक्टरने त्यातून वर्षानुवर्षं आत डोकावून बघितलं, तो चिडला-घाबरला की जठराचं अस्तर आणि पाचकरस बदलतात हे त्याने १८३३ मध्ये लिहून ठेवलं. निरीक्षण खरंच होतं. त्यातून पुढे अल्सर म्हणजे टेन्शनचा आजार हे पक्कं बसलं, १९४० च्या दशकापासून तर व्हेगस नर्व्ह कापायची ऑपरेशनं जगभर झाली, ॲसिड कमी व्हायचं, अल्सर भरायचाही. आणि मग १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात पर्थला मार्शल आणि वॉरन ह्यांना हेलिकोबॅक्टर पायलोरी सापडला, अल्सर बहुतांशी त्या जंतूमुळे होतो आणि अँटिबायोटिकने कायमचा जातो हे सिद्ध झालं, २००५ मध्ये नोबेलही मिळालं. नर्व्हचा ॲसिडशी संबंध खोटा नव्हता, पण मूळ कारण तिथे नव्हतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

बहिणीच्या कोलायटिसमध्ये सासरचे तेच करतायत. अल्सरेटिव्ह कोलायटिस कशाने सुरू होतो, तर जनुकांचा कल, आतड्यातले जंतू, अस्तराचा कमकुवतपणा, इम्यून सिस्टिमचा चुकलेला निर्णय ह्यांच्या गुंत्यातून. फार विचार करणाऱ्या बायका गोव्यात घरोघर आहेत, त्या सगळ्यांना हा आजार होत नाही. पण एकदा आजार बसला की स्ट्रेस तो उसळवू शकतो का? हो, शकतो, आणि आता त्याची वाटही बरीचशी कळलीय. पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या लोकांनी २०२३ मध्ये उंदरांत दाखवलं की स्ट्रेस बराच काळ चालला तर कॉर्टिझोलसारखे हॉर्मोन आतड्याच्या नर्व्हभोवती असणाऱ्या ग्लिया नावाच्या सेल्सना बिघडवतात, त्या ग्लिया बाहेरून टीएनएफ सोडणाऱ्या इम्यून सेल्सना बोलावून घेतात आणि सूज वाढते. आता ह्यातली विचित्र गोष्ट बघा, कॉर्टिझोलच्या जातीचं स्टेरॉइडच आम्ही कोलायटिस उसळला की देतो आणि ते सूज उतरवतं. थोडे दिवस दिलं तर औषध, महिनोन्‌महिने अंगात चढलेलं राहिलं तर उलटं काम.

त्याहून मला चक्रावून टाकणारा प्रयोग हैफाच्या टेक्निऑन संस्थेचा, २०२१ मधला. उंदरांना कोलायटिस केला, त्या वेळी मेंदूच्या इन्सुला भागात ज्या न्यूरॉन्स जाग्या झाल्या त्यांच्यावर खूण करून ठेवली. कोलायटिस पूर्ण बरा झाला. मग नुसत्या त्या खूण केलेल्या न्यूरॉन्स परत चेतवल्या, आतड्याला हातही न लावता, तर आतड्यात परत सूज आली. मेंदूने त्या सुजेची नोंद ठेवली होती. उंदरांचं उंदरांत, माणसाला जसंच्या तसं लावू नका, पण "फक्त मनाचं" आणि "फक्त शरीराचं" अशी वाटणी करणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

नर्व्ह फक्त आगच लावतात असंही नाही. केव्हिन ट्रेसी ह्यांच्या टीमने २००० साली उंदरांत व्हेगस चेतवून टीएनएफ खाली आणून दाखवला, म्हणजे व्हेगस सुजेला लगाम घालते. आणि २०२२ मध्ये हार्वर्डच्या लोकांनी दाखवलं की आतड्यातल्या दुखण्याच्या नर्व्हच शेजारच्या सेल्सना चिकट म्युकस सोडायला सांगतात, त्या नर्व्ह काढून टाकल्या तर उंदरांचा कोलायटिस अजून बिघडतो.

तर बहिणीने ध्यान करावं का? खुशाल करावं, झोप सुधारेल, उसळी आली तरी सहन करायची ताकद राहील. पण गोळ्यांच्या जागी नाही, गोळ्यांच्या सोबत. मेसालामीन, म्हणजे कोलायटिसची सूज आवरणारं नेहमीचं औषध, बरं वाटतंय म्हणून सोडलं की रोग परत उसळायची शक्यता कितीतरी पटीने वाढते, आणि वरून बरं वाटतानाही आत सूज धुमसत असू शकते, वर्षानुवर्षं ती राहिली तर मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून आजार सुरू होऊन आठेक वर्षं झाली की स्कोप करून पाळत ठेवावी लागते. मूल हवं असेल तर आजार शांत असताना आणि औषधं चालू ठेवून, मेसालामीन गरोदरपणात चालतं, हे सासूबाईंना सोबत नेऊन डॉक्टरच्या तोंडून ऐकवा, जास्त लागू पडतं. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या टाळाव्यात, त्यांनीही कोलायटिस उसळू शकतो, आणि मग दोष परत विचार करण्यालाच दिला जातो.

अजून एक, जे फार कमी वेळा सांगितलं जातं. कोलायटिस शांत झालेल्या साधारण तिघांतल्या एकाला सूज नसतानाही आयबीएससारखा त्रास राहतो. आग विझली, नर्व्ह हुळहुळ्या राहिल्या. तेव्हा पोट बिघडलं की लगेच स्टेरॉइड वाढवायचं नाही, आधी कॅल्प्रोटेक्टिन. चांगलंच चढलेलं असेल, २५० च्या वर वगैरे, तर बहुतेक आजार उसळलाय आणि औषध वाढवायला हवं, नॉर्मल असेल तर तिला भावासारखीच ट्रीटमेंट. ही एक टेस्ट दोघांनाही लागू आहे आणि दोघांचा निकाल वेगवेगळा असू शकतो.

दोघांपैकी कोणालाही शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, न सांगता उतरणारं वजन, ताप, हिमोग्लोबिन घसरणं असं काही असेल तर टेन्शनची चर्चा बंद आणि थेट डॉक्टर, गरज पडली तर बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. आपल्या देशात आतड्याचा टीबीही असतो आणि तो क्रोन्ससारखा (कोलायटिसच्याच जातीचा आतड्याच्या सुजेचा दुसरा आजार) हुबेहूब दिसतो, त्यामुळे वजन आणि ताप हे शब्द मी कधी हलके घेत नाही.

राहिलं ते कानाचं मशीन. व्हेगस चेतवून क्रोन्स शांत होतो का हे फ्रान्समध्ये ग्रेनोबलला गळ्यातल्या नर्व्हला ऑपरेशनने यंत्र जोडून बघितलंय, मोजक्या पेशंटवर, काहींना फायदा दिसला. व्हेगसची एक बारीक फांदी कानात येते हे खरं, तिथून चेतवायचे प्रयोगही चालू आहेत. पण ऑनलाइन मिळणारं क्लिप किती करंट देतं, नक्की कुठल्या नर्व्हला देतं, हे बॉक्सवर छापलेल्या शब्दांवरून कळत नाही, आणि कोलायटिसच्या औषधाची जागा ते घेऊच शकत नाही. हार्टच्या ठोक्यांचा त्रास किंवा पेसमेकर असणाऱ्याने तर हातही लावू नये. त्या पैशांत दोघांची कॅल्प्रोटेक्टिन होते, आधी ती करून घ्या, आणि भावाला सांगा पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेला की पहिलं वाक्य चवथीच्या जुलाबांचंच बोलायचं.